साडेनव्याण्णव

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात. या दिवसांत अंड्याला बाहेरून अन्न लागत नाही. लागते ती ऊब, बेताचा ओलावा, मोकळी हवा आणि अधूनमधून कूस पालटणे. खुडूक कोंबडी हे सगळे एकटी सांभाळते. घरगुती उबवणी पेटीत तेच काम खोका, बल्ब, पंखा आणि माणूस यांच्यात वाटले जाते. खोका आणि बल्ब कोणीही जमवतो. पिल्ले निघणार की नाही हे माणसाच्या वाट्यावर ठरते.

अशी पेटी दारात का येते, याचे कारण कोंबडीच्या स्वभावात आहे. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकदा बसली की अंडी बंद. उबवण्याचे 21 दिवस आणि पुढे पिल्ले वागवण्याचे दिवस धरले तर घराला दोन-अडीच महिने अंडे मिळत नाही. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्यांची अडचण उलटी आहे. त्या अंडी पुष्कळ देतात, पण बसण्याची ओढ त्यांच्यात फारशी उरलेली नाही. शासनाच्या अंडी उबवणी केंद्रांतून एक दिवसाची पिल्ले विकत मिळतात; पण ज्या घराला आपल्याच दारच्या, आपल्याच हवेत टिकलेल्या कोंबडीचा वंश वाढवायचा आहे, त्याला अंडी स्वतःच उबवावी लागतात.

सातारा भागातल्या एका वाडीवरची पेटी अशा पेट्यांचा चांगला नमुना आहे. औषधाच्या दुकानातून आलेला थर्मोकोलचा खोका, आत वेगवेगळ्या होल्डरमध्ये दोन बल्ब, जुन्या संगणकातून काढलेला छोटा पंखा, तळाला पाण्याची वाटी, तिच्यावर जाळी आणि जाळीवर अंडी. दोन बल्ब यासाठी, की रात्री एक उडाला तरी दुसरा थोडीफार ऊब धरून ठेवतो. बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे लागतात. एलईडी उजेड देतो, पण पेटी तापवण्याइतकी ऊब देत नाही, आणि तारेचे बल्ब तर दुकानांतून नाहीसे होत चालले आहेत. बल्ब थर्मोकोलच्या जवळ आला तर थर्मोकोल वितळतो, पेटही घेतो. पाण्याची वाटी आणि उघडी वायर एका खोक्यात असणे हेही जिवाशी खेळणे आहे. जोडणी वायरमनकडून करून घेण्यात कसर करू नये.

पेटी चालवणाऱ्या बाईंच्या तोंडी एकच आकडा असतो: साडेनव्याण्णव. पेटीवरचा, बल्ब चालू-बंद करणारा कंट्रोलर सेल्सिअस दाखवतो, त्यावर तो 37.5 असतो, पण घरात ताप फॅरेनहाइटमध्ये मोजतात, म्हणून त्यांच्यासाठी ते साडेनव्याण्णव. स्वस्त कंट्रोलरवर त्यांचा भरवसा नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्याचा आकडा एखाद-दोन अंशांनी चुकलेला असू शकतो. म्हणून अंडी ठेवण्याआधी कोमट पाण्याच्या पेल्यात कंट्रोलरची तापमान मोजणारी वायर आणि ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र बुडवून दोन्ही आकडे जुळवून घेतात. नंतर रिकामी पेटी दिवसभर चालवून साडेनव्याण्णव स्थिर राहते का ते पाहतात. पंखा नसलेल्या पेटीत मात्र वरची हवा गरम आणि खालची थंड राहते. तिथे अंड्याच्या वरच्या पातळीवर 101 ते 102 अंश धरावे लागतात. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ पेट्यांची पहिली खेप वाया जाते.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, फ्रीजमधली किंवा धुतलेली नसावीत, आणि कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा.

अंडी ठेवली की कूस पालटण्याचे काम सुरू होते. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला असतो. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोल वर, रात्री पुन्हा फुल्या; दुसऱ्या दिवशी याच्या उलट. बलक वर तरंगतो आणि त्याच्यावरचा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू शकतो. तो चिकटू नये म्हणून ही उलथापालथ. दिवसातून तीनदा किंवा पाचदा, म्हणजे विषम वेळा पालटायचे, म्हणजे रात्रीचा लांबलचक वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. कोंबडी हेच चोचीने दिवसरात्र कितीतरी वेळा करते. माणसाला तीन वेळाही सोप्या नाहीत. शेतावर जाण्याआधी, भाकऱ्यांच्या मध्ये, निजण्यापूर्वी असे सलग अठरा दिवस हे काम बाईंनाच करावे लागते. पेटीच्या खर्चाचा हिशेब मांडताना ही मेहनत कोणी धरत नाही. ती धरायला हवी.

सातव्या रात्री दिवे मालवून अंडी पारखतात. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यामागे मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि अंड्याचा रुंद भाग भोकावर टेकवायचा. जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे पसरलेले दिसते, मधला काळा ठिपका हलतो. रिकामे अंडे नुसते पिवळट उजळते. ज्यात जीव सुरू होऊन थांबला त्यात रक्ताचे एक कडे दिसते. अंड्याच्या आत घडते ते पाहण्याची ओढ फार जुनी आहे. अॅरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून पाहिली आणि पांढऱ्यात धडधडणारा रक्ताचा ठिपका म्हणजे हृदय, असे नोंदवले. टॉर्चमुळे आता अंडे न फोडता हे दिसते. निकामी अंडी त्याच रात्री काढलेली बरी. आत राहिलेले अंडे सडते आणि फुटले तर तो कुजका वास पेटीतून जाता जात नाही. वासाबरोबर जंतू शेजारच्या अंड्यांवर जातात ते वेगळेच. बाई रोज झाकण उघडताच आधी वास घेतात, आकडा नंतर पाहतात.

उबेपेक्षा ओलावा सांभाळणे अवघड आहे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू उडते आणि रुंद टोकाशी हवेचा कप्पा वाढत जातो. पहिल्या अठरा दिवसांत सापेक्ष आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांच्या आसपास हवी. ती जास्त राहिली तर कप्पा लहान राहतो आणि पिल्लू आतल्या आत गुदमरते. कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात बाहेरचीच हवा इतकी दमट असते की वाटीत पाणी ठेवणे चूक ठरते. ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडतात असे जुनी माणसे म्हणतात. पेटीतल्या अंड्यांपुरते बोलायचे तर बिघाड बहुधा या दमटपणाचाच असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात याच्या उलट होते. पत्र्याखालची खोली 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. कंट्रोलर बल्ब बंद करू शकतो, पेटी थंड करू शकत नाही. गार खोली नसेल तर उन्हाळ्यात पेटी लावूच नये. अंड्याला थोडी थंडी सोसते, कारण कोंबडीही दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठते. उष्णता सोसत नाही. 104 फॅरेनहाइटच्या वर काही तास गेले तर आतले जीव मरतात. म्हणूनच वीज गेली तर घाबरण्याचे कारण नसते. पेटीवर गोधडी टाकून, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून दोन-तीन तास निभतात.

अठराव्या दिवशी कूस पालटणे थांबते. वाटीत पाणी वाढवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर नेतात आणि झाकण बंद होते. इथून पुढचे तीन दिवस या कामातले सर्वांत कठीण, कारण त्यांत काहीच करायचे नसते. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू हवेच्या कप्प्यात चोच खुपसते, पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेते, आणि बंद कवचातून चिवचिव ऐकू येऊ लागते. मग कवचावर एक बारीक टवका उडतो. त्यानंतर बारा तास, कधी चोवीस तास, काहीच घडत नाही असे वाटते. घडत मात्र पुष्कळ असते: पापुद्र्यातल्या शिरांमधले रक्त पिल्लाच्या अंगात परतते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. या वेळी दया येऊन कोणी टरफल सोलले तर शिरा तुटून पिल्लू रक्त जाऊन मरते. नुसते झाकण उघडले तरी आतली वाफ निघून जाते, पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला फिरता येत नाही. वाडीवरच्या पेटीच्या झाकणावर या तीन दिवसांत दोन विटा ठेवलेल्या असतात. घरातल्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही. विसाव्या दिवशी आतून आवाज येत असताना त्या विटांना हात न लावणे, याला खरे कसब म्हणावे.

नंतर पिल्लू चोचीवरच्या टणक टोकाने कवच गोलाकार कापत जाते आणि टोपी ढकलून बाहेर येते. ते ओले, दमलेले असते. पिसे वाळेपर्यंत पेटीतच राहू द्यावे. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस दाण्यापाण्यावाचून तगते. तीस अंड्यांतून वीस पिल्ले निघाली तर घरच्या पेटीसाठी हा निकाल उत्तम समजावा. न फुटलेली अंडी फेकण्याआधी फोडून पाहावीत. पहिल्या आठवड्यातच मेलेले गर्भ बहुतेक वेळा जुनी अंडी किंवा चुकलेली उष्णता दाखवतात, आणि पूर्ण वाढून चोच न मारता मेलेली पिल्ले ओलावा किंवा कोंडलेली हवा. पुढच्या खेपेसाठी एवढा नेमका धडा दुसरीकडे मिळत नाही.

घरात एखादी कोंबडी नुकतीच खुडूक झाली असेल तर पेटीतली पिल्ले रात्री तिच्याखाली सरकवता येतात. बहुतेकदा ती त्यांना आपली मानते आणि ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्याचा, खर्च वाचतो. नाहीतर पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरेनहाइटची ऊब द्यावी, मग दर आठवड्याला पाच अंश उतरवावी. गावोगाव कोंबड्यांची खुराडी रिकामी करणाऱ्या राणीखेत रोगाची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी टोचून नव्हे, नाका-डोळ्यांत थेंब टाकून देतात. 21 दिवस जपलेली पिल्ले या एका लसीवाचून घालवू नका. तारीख पेटीच्या झाकणावरच लिहून ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच सांगून ठेवा.