मध्यमवर्ग उपनगरांकडे का वळला?

आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या गावात मुंबईत स्थायिक झालेल्या नातलगांना ‘मुंबईकर’ म्हणतात. मग त्यांचे घर ठाण्यात असो वा डोंबिवलीत. गिरगाव-दादरच्या चाळींतील अनेक मराठी कुटुंबे अशी उपनगरांत का गेली?

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती टाळू लागले. कुटुंब वाढले, खोली मात्र एकच राहिली. शहरात मोठे घर घेणे पगारदारांच्या आवाक्याबाहेर गेले. उपनगरातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत कर्ज काढून मालकीचे, स्वतंत्र संडास-न्हाणीघराचे घर घेता येई. लोकल गाडीमुळे शहरातील नोकरीही टिकत असे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. कर्ज नियमित पगारावर मिळे. त्यामुळे पगारदार बाहेर पडले. ज्यांची मिळकत अनिश्चित होती, त्यांच्यापैकी अनेकजण मोडकळीस आलेल्या चाळीतच राहिले. म्हणजेच या स्थलांतरामागे इच्छेइतकीच ऐपतही होती.

जाणाऱ्यांनी ऐसपैस घर मिळवले, पण चाळीचा शेजार गमावला आणि दररोजचा लांबचा प्रवास पत्करला. आपल्या परिचयातील एखाद्या ‘मुंबईकर’ कुटुंबाला विचारून पाहा : घर बदलताना काय मिळाले, काय सुटले आणि मागे कोण राहिले?