रात्र आणि उजेड (लेखांक ६) : डब्याच्या आत दडवलेला दिवा

मागच्या लेखात आपण पेंचला गेलो होतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी सिल्लारीच्या आसपासच्या गावांत रस्त्यावरचे दिवे बदलून, ज्यांचं तोंड जमिनीकडे आहे असे दिवे बसवले गेले. ते काम सरकारी यंत्रणांचं होतं. आपल्या अंगणात, गच्चीवर, बंगल्याच्या फाटकापाशी लावायचा दिवा मात्र आपल्याच हातात असतो. दुकानात गेलं की बाहेर लावायला म्हणून पांढराशुभ्र फ्लडलाइटच पुढे केला जातो. म्हणून या आठवड्यात मंद दिवा घरी करू, तोही बहुतेक भंगारातून.

आधी ‘मंद’ म्हणजे काय ते ठरवायला हवं. आपण फक्त वॉट मोजतो. नऊऐवजी तीन वॉटचा बल्ब लावला की काम झालं, असं वाटतं. पण भिंतीवर उघडा लावलेला तीन वॉटचा बल्बही डोळ्यांत घुसतो. त्याचा बराचसा उजेड आडवा आणि वर जातो, पायाखाली थोडाच पडतो. त्यात त्या बल्बकडे नजर गेली की बाहुली आकसते आणि अंधाराला सरावलेली नजर पार मोडते. डोळा पुन्हा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर उजेडाच्या कडेपलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणजे ज्या कोपऱ्यासाठी आपण दिवा लावला, नेमका तोच कोपरा काळाकुट्ट होतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: दिवा दिसता कामा नये, वाट दिसली पाहिजे. बल्ब कोणता घ्यायचा, हे त्यानंतर ठरवू.

दिवा लपवायला पत्र्याच्या डब्यासारखी वस्तू नाही. दूध पावडरीचा, तुपाचा किंवा रंगाचा डबा उपडा टांगायचा आणि दिवा त्याच्या आत, बुडाकडे बसवायचा. किती आत, यावर सगळं अवलंबून आहे आणि ते कागदावर आधी काढता येतं. समजा, डब्याचं तोंड १० सेंटिमीटर रुंद आहे आणि तोंडाची कडा जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर आहे. एलईडी कडेपासून ५ सेंटिमीटर आत असेल, तर उजेड उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत पसरतो आणि जमिनीवर सुमारे १३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ पडतं. तोच एलईडी १२ सेंटिमीटर आत सरकवला, तर वर्तुळ ६० सेंटिमीटरवर येतं. दोन पायऱ्यांसाठी दुसरा हिशेब बरा, फाटकाच्या कडीसाठी पहिला. कोणत्याही डब्याला हे प्रमाण लागू पडतं, त्यामुळे घरात जो डबा असेल तो चालतो.

डबा आतून चकचकीत असतो, आणि तिथेच बहुतेकांचा दिवा फसतो. आतल्या भिंतीवर पडलेला उजेड परावर्तित होऊन तिरका बाहेर येतो आणि कडेनं आखलेली हद्द ओलांडतो. म्हणून तोंडाकडचा निम्मा भाग आतून काळा करायचा. रंग चकाकणारा नको. शाळेच्या फळ्याला देतात तो उत्तम. कापलेल्या कडेनं हात चिरतो, तेव्हा सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर बसवा. टांगण्यासाठी भोकं पाडताना डबा चेपतो. त्यावर सोपा उपाय आहे: डब्यात पाणी भरून त्याचा बर्फ होऊ द्यायचा आणि मग खिळा ठोकायचा. याच युक्तीनं डब्याला चहूबाजूंनी नक्षीची भोकं पाडून सुंदर कंदील करतात. दिवाळीच्या चार दिवसांसाठी मलाही ते फार आवडतात. पण रोजच्या दिव्याला ती नक्षी नको, कारण त्यातलं प्रत्येक भोक आडवा उजेड सोडतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो. तिथे प्लंबरकडे उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि त्यावर झाकण म्हणून एंड कॅप घ्यावी. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून त्याला बाहेरून रंगाचा एक हात द्यावा.

आता रंग. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा काही भाग फॉस्फरनं पिवळ्यात बदलून तो पांढरा केलेला असतो. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेल्या ‘कूल’ दिव्यात हा निळा अंश भरपूर, २७०० केल्विनच्या ‘वॉर्म’मध्ये बराच कमी. आपल्या शरीराचं घड्याळ आणि अनेक कीटकांचे डोळे या निळ्याला जास्त जागे होतात. किडे दिव्याभोवती का फिरतात, याचं एक नेमकं उत्तर २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं आणि त्यावरून त्याला वर-खाली कळतं. जवळ दिवा आला की तो दिव्यालाच आकाश समजून पाठ तिकडे वळवतो आणि गरगरत अडकतो. हे वाचल्यापासून दिव्याखाली सकाळी पडलेला पंखांचा सडा मला वेगळाच दिसतो. तो कीटक हौसेनं आलेला नसतो. त्याची दिशाच आपण हिसकावलेली असते.

म्हणून शक्यतो अंबर एलईडी घ्या, सुमारे ५९० नॅनोमीटरचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सुटे मिळतात. ते मिळाले नाहीत, तर भंगारातच एक चांगला गाळणारा पदार्थ आहे: तपकिरी काच. औषधाच्या आणि बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या आतला माल निळ्या आणि अतिनील प्रकाशानं बिघडू नये म्हणून. बाहेरून आत येणारा निळा जसा अडतो, तसाच आतून बाहेर जाणाराही. वॉर्म एलईडीची बारीक माळ अशा बाटलीच्या तोंडातून आत सोडली की जो उजेड मिळतो तो चुलीतल्या निखाऱ्याच्या जवळ जातो. बाटली कापायच्या भानगडीत पडू नका, अख्खी वापरा. हिरवी आणि निळी बाटली दिसायला देखणी असते, पण निळी बाटली नको तोच रंग पुढे पाठवते. आणि बाटली उघडी टांगायची नाही. तिच्यावर डबा हवाच.

वायरिंगचा नियम ठाम आहे. घरी केलेल्या दिव्यात, पावसात, २३० व्होल्ट न्यायचे नाहीत. जुन्या राउटरचा किंवा सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर घरात राहील, बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर जाईल. अंबर एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. चार एलईडी एकामागे एक जोडले की ८ झाले, उरलेले ४ व्होल्ट रेझिस्टरवर पडले पाहिजेत. १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी हिशेब ४०० ओहम येतो. दुकानात ३९० चा मिळतो, तो लावा. ही अख्खी माळ साधारण ०.१२ वॉट घेते. हे एलईडी २० मिलिअँपिअरचे असतात, आपण निम्म्यावरच चालवतो, त्यामुळे ते तापत नाहीत आणि टिकतात. जुना, हातात जड लागणारा अॅडॉप्टर असेल तर तो कमी भारावर १२ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतो. मल्टिमीटर लावून बघा आणि रेझिस्टर त्याप्रमाणे वाढवा. एलईडीचं टोक पॉलिश पेपरनं घासलं की झोत पसरतो, नाहीतर जमिनीवर ठिपके दिसतात. जोडांवर सिलिकॉन लावा.

ज्यांना वायर ओढायची नाही, त्यांनी बंद पडलेले सोलर गार्डन लाइट शोधावेत. ते बहुतेकदा फेकले जातात ते आतला १.२ व्होल्टचा सेल मेला म्हणून. पॅनेल आणि सर्किट शाबूत असतं. नवा रिचार्जेबल सेल घातला, पांढऱ्या एलईडीच्या जागी अंबर डकवला आणि वर डब्याची टोपी चढवली की झालं. पॅनेल मात्र टोपीच्या वर, उन्हात राहू द्या. अंधार पडल्याचंही त्या पॅनेलवरूनच कळतं. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले लिथियमचे सेल काढून दिवे करणारे अनेक जण आहेत. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. वापरलेला लिथियम सेल शॉर्ट झाला किंवा जादा चार्ज झाला तर पेट घेतो, आणि उन्हातला पत्र्याचा डबा ही त्याला ठेवायची जागा नव्हे.

गावाकडे या सगळ्यावर एकच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: साप, विंचू दिसायचे कसे? मण्यार रात्रीच फिरते, त्यामुळे ही भीती उगाच नाही. पण उंचावरच्या झगझगीत दिव्यानं प्रश्न सुटत नाही. दिवा पाठीमागे आला की आपलीच सावली पुढे पडते आणि पाऊल नेमकं त्या सावलीत पडतं. शिवाय त्या दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक येतात, आणि बेडूक हे सापाचं खाद्य आहे. त्याऐवजी गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेच्या कडेला, थोडा तिरका डबा लावा. खालून तिरप्या येणाऱ्या उजेडात खड्याचीसुद्धा लांब सावली पडते, जमिनीवरची प्रत्येक वस्तू उठून दिसते. वाटेवर असे तीन-चार डबे मोठ्या दिव्यापेक्षा जास्त दाखवतात. संडासकडे किंवा गोठ्याकडे जाताना हातात बॅटरी तरीही असावीच.

काही ठिकाणी मात्र अंबरही नको. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर येतात आणि जिकडचं क्षितिज उजळ असेल तिकडे धावतात. ते समुद्राचंच असायला हवं, होमस्टेच्या ओसरीचं नव्हे. भंडारदरा, पुरुषवाडीकडे मेअखेर आणि जूनमध्ये काजव्यांचे नर लुकलुकून मादीला खूण करतात. आपला दिवा त्या खुणेवर पांघरूण घालतो. अशा गावांत त्या आठवड्यांत दिवा बंद करता यावा म्हणून घरातलं बटण हाताशी ठेवा.

दिवे लावून झाले की अमावास्येच्या आसपासच्या रात्री घरापासून पन्नास पावलं लांब जाऊन उभे राहा. मग शेजाऱ्यांच्या ओट्यावरून आणि माडीच्या खिडकीतूनही बघा. जिथून एलईडीचा ठिपका थेट दिसतो, तिथला डबा आणखी झुकवा किंवा एलईडी बोटभर आत सरकवा. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या आवारातले खांब घेऊ; तिथे डबा नव्हे, सर्वसाधारण सभा लागते.