१९१४चा नाताळ आणि पितळी डबी

पहिल्या महायुद्धातला पहिला नाताळ आघाडीवर काढणाऱ्या सैनिकांना भेट मिळावी, म्हणून ब्रिटनच्या १७ वर्षांच्या राजकन्या मेरी यांनी ऑक्टोबर १९१४मध्ये वर्गणीचे आवाहन केले. लोकांनी १,६२,००० पौंडांहून अधिक रक्कम दिली. त्यातून तळहातावर मावेल एवढी पितळी डबी घडली. झाकणावर मेरींचा मुखवटा, कडेने मित्रराष्ट्रांची नावे. सोबत तंबाखू, सिगारेटी, शुभेच्छापत्र आणि राजकन्येचे छायाचित्र.

फ्रान्समध्ये तेव्हा हिंदी पलटणीही लढत होत्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्या ऑक्टोबरातच नव शापेलच्या लढाईत होरपळून निघाल्या होत्या. या पलटणींसाठी केलेला विचार हा भेटीच्या योजनेचा सर्वांत सुंदर भाग. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्यांची डबी. गुरख्यांना गोऱ्या शिपायांसारखीच भेट. इतर हिंदी जवानांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. खंदकापर्यंत पाणी वाहणारे भिस्तीही विसरले गेले नाहीत, त्यांनाही मसाले मिळाले. परमुलखातल्या कडाक्याच्या थंडीत घरच्या चवीचे मोल फार मोठे होते.

नाताळपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक डब्या पोचल्या. पुढे पितळेचा तुटवडा पडला आणि उरलेले वाटप युद्ध संपल्यावरही चालू राहिले. रिकाम्या डब्यांत सैनिक पत्रे, फोटो आणि बारीकसारीक चीजवस्तू जपून ठेवत.