स्तनपान आणि वैद्यकीय साह्य : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

मातेने मूल अंगावर पाजणे ही गोष्ट इतकी स्वाभाविक मानली जाते की, तीत वैद्यकाने शिकविण्याजोगे काही असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे मात्र या समजुतीस अनुकूल नाहीत. महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर घेतली गेलेली मुले केवळ ५३.२ टक्के होती. दोन्ही आकड्यांचे आधार काहीसे भिन्न असले, तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे. प्रसूती दवाखान्यात आली. पहिल्या पाजण्यास लागणारे साह्य मात्र तिच्याबरोबर आले नाही.

या साह्याचे स्वरूप समजण्यासाठी दुधाची उत्पत्ती थोडक्यात पाहिली पाहिजे. मूल चोखू लागले की मातेच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढते व त्यामुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनच्या योगाने दुग्धकोशांभोवतीचे स्नायू आकुंचन पावून ते बाहेर येते. या दुसऱ्या क्रियेस आपल्या भाषेत पूर्वापार ‘पान्हा’ हा नेमका शब्द आहे. वेदना, भय व चिंता यांनी पान्हा अडतो, हा अनुभव शरीरशास्त्रासही मान्य आहे. शिवाय स्तनात साचून राहिलेले दूध पुढील उत्पत्ती मंद करते. म्हणजे जितके दूध निघते तितके नवे होते. यावरून असे अनुमान निघते की, ‘आईला दूधच नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा दूध तयार होण्यात नसून ते निघण्यात असते.

ते का निघत नाही? बहुधा मुलाने केवळ बोंड तोंडात धरलेले असते. बोंडाबरोबर भोवतालचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात आला पाहिजे. मुलाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनास टेकलेली व खालचा ओठ बाहेर वळलेला असला पाहिजे. तसे नसेल तर बोंडास चिरा पडतात, दूध साखळते, माता वेदनेने पाजणे टाळते आणि मुलाचे वजन वाढत नाही. नंतर दोष मातेच्या कृशतेवर येतो व पावडरीचा डबा घरात शिरतो. वास्तविक मध्यम प्रतीच्या कुपोषणाने दुधाचे प्रमाण फारसे घटत नाही. अशा मातेला अन्न हवेच, पण ते तिच्या स्वतःच्या प्रकृतीसाठी; तिचे दूध निरुपयोगी ठरविण्यास तिची कृशता हे कारण नव्हे.

म्हणून वैद्यकीय साह्याचा गाभा साधा आहे. परिचारिकेने किंवा डॉक्टराने एक संपूर्ण पाजणे शेजारी बसून पाहावे, मुलाची पकड सुधारावी, हाताने दूध काढण्याची रीत शिकवावी व काही दिवसांनी मुलाचे पुन्हा वजन करावे. पहिल्या दिवसांतील घट साधारणतः दोन आठवड्यांत भरून निघावी आणि पुढे प्रतिदिनी सुमारे २५ ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. अशक्त मुलास काढलेले दूध वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने पाजावे. बाटली देऊ नये. चीक टाकून देणे व मधाचे बोट चाटविणे या चालींविषयी प्रसूतीपूर्वीच घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलावे, कारण निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतो.

कर्जत व खालापूर तालुक्यांत या साह्यास भूगोल व उपजीविका या दोहोंचे अडथळे येतात. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय लोहमार्गालगत आहे, कशेळे येथे ग्रामीण रुग्णालय आहे. तथापि ठाकूर व कातकरी समाजाच्या कित्येक वाड्या डोंगरउतारांवर आहेत. १९ जुलै २०२३ रोजी दरडीखाली गेलेली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही अशीच पायवाटेने गाठावयाची वाडी होती. पावसाळा सरला की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. तेथे मजुरी हजारी विटांच्या हिशेबाने मिळते; त्यामुळे मुलास घेऊन बसलेल्या प्रत्येक घटकेची किंमत माता आपल्या मजुरीतून मोजते. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली आलेली २६ आठवड्यांची रजा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील कार्याची परंपरा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. बाटल्या व शिशु-आहार यांच्या प्रचारावर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा १९९२ चा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील नवजात-सेवेच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात प्रसूत झालेल्या मातेस बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी नियोजित आहेत.

परंतु आशा गावाशी बांधलेली असते आणि माता फिरती. तिसऱ्या दिवशीची भेट वाडीवर झाली, तरी चौदाव्या दिवशी माता भट्टीवर असू शकते. म्हणून दवाखाना सोडण्यापूर्वी एक पाजणे पाहिलेच पाहिजे व मुलाच्या वजनाची नोंद मातेबरोबर गेली पाहिजे. आणि भट्टी ज्या गावच्या शिवारात असेल, तेथील आशेने पुढील भेटी आपल्या मानल्या पाहिजेत. या दोन व्यवस्थांनी वजनवाढीत कितपत फरक पडतो, हे एका हंगामात मोजता येण्याजोगे आहे. आपल्या विभागातील एखाद्या अभ्यासकाने हा विषय हाती घ्यावा. तोवर निदान इतके तरी व्हावे की, ज्या मातेचे पाजणे कोणी पाहिलेच नाही, तिला दूध नाही असा निर्णय कोणी देऊ नये.