रेकॉर्डने न सांगितलेले

13 जानेवारी 1968 रोजी जॉनी कॅश कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायला. त्या मैफलीची रेकॉर्ड अमेरिकेच्या कंट्री संगीतातल्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डांपैकी एक. तिच्या पहिल्याच गाण्यात नायक, माणूस मरताना कसा दिसतो एवढे पाहण्यासाठी आपण एकाला गोळी घातली, असे सांगतो. त्या ओळीनंतर एक उत्साही आरोळी ऐकू येते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण ती आरोळी त्या क्षणाची नाही. रेकॉर्ड तयार करताना ती नंतर तिथे जोडली गेली. फॉल्समच्या त्या मैफलीची छायाचित्रे आहेत, चित्रफीत नाही. म्हणून ती आरोळी कित्येक वर्षे खरी मानली गेली. पुढच्याच वर्षी, 24 फेब्रुवारी 1969 रोजी, कॅश सॅन क्वेंटिन तुरुंगात गायला तेव्हा ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनचे कॅमेरे तिथे होते. त्याच तुरुंगाला शिव्याशाप देणारे गाणे कैद्यांनी त्याच्याकडून लागोपाठ दोनदा गाऊन घेतले. या चित्रफितीत गाणारा दिसतो, समोर बसलेल्यांचे चेहरे दिसतात आणि पहारेकरीही दिसतात. इथला जल्लोष कुणाचा, हे विचारावे लागत नाही. कंट्री संगीताचा इतिहास बहुतांशी रेकॉर्डवरून लिहिला गेला आणि जुन्या चित्रफिती चाहत्यांच्या आठवणींचा ठेवा म्हणून बाजूला पडल्या. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. या फिती म्हणजे पहिल्या प्रतीचा पुरावा आहे आणि काही बाबतींत तो रेकॉर्डपेक्षा बळकट आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बोटांचे आहे. चेट अॅटकिन्स पुढे कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधला सर्वांत प्रभावी गिटारवादक झाला. लहानपणी तो सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून मर्ल ट्रॅव्हिसची गिटार ऐकायचा. खर्जाचा ठेका आणि वरची धून एकाच वेळी वाजताना ऐकून हा माणूस अंगठ्याबरोबर बरीच बोटे वापरत असणार, असे त्याने गृहीत धरले आणि त्याप्रमाणे स्वतःचा हात बसवला. ट्रॅव्हिस प्रत्यक्षात अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवत असे. चेटसारख्या कानालाही जे कळले नाही, ते 1951च्या सुमारास टेलिव्हिजनसाठी केलेल्या ट्रॅव्हिसच्या छोट्या चित्रफितींत कुणालाही दिसते: अंगठा खालच्या तारांवर आघात करतो आणि एकटी तर्जनी वरची सगळी कारागिरी उचलते. कार्टर फॅमिली या गायकवृंदातल्या मेबेल कार्टरचेही तसेच. कार्टर फॅमिलीच्या 1920च्या दशकातल्या रेकॉर्ड ऐकून दोन गिटारी वाजत असाव्यात असा भास होतो. उतारवयातल्या मेबेलला टेलिव्हिजनवर पाहिले की उलगडा होतो. अंगठा जाड तारांवर धून वाजवतो आणि बोट वरच्या तारांवर खाली-वर फिरून ताल भरते. म्हणजे नेहमीच्या वाटणीच्या अगदी उलट. ही गोष्ट शब्दांत समजावायला परिच्छेद लागतो, पाहायला अर्धे मिनिट पुरते.

काही कलावंतांची कला तर रेकॉर्डमध्ये मावलीच नाही. अंकल डेव्ह मेकन हा 1870 साली जन्मलेला बँजोवादक ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचा पहिला मोठा तारा. त्याच्या रेकॉर्ड आज ऐकल्या तर ठसकेबाज, काहीशा ओबडधोबड वाटतात. ‘ग्रँड ओल ऑप्री’ याच नावाच्या 1940च्या चित्रपटात हा सत्तरीचा माणूस मुलाबरोबर गाताना बँजो फिरवतो, हवेत धरतो, पाय नाचवतो, आणि ज्याला आपण ओबडधोबड म्हणत होतो तो रंगमंचावर पूर्ण हुकमत असलेला नट होता हे ध्यानात येते. गायक हँक विल्यम्सच्या बाबतीत तर पुरावा मूठभरच आहे. 1 जानेवारी 1953 रोजी, वयाच्या 29व्या वर्षी तो गेला. त्याचे गाणे पाहायचे तर मुख्यतः केट स्मिथच्या 1952च्या टेलिव्हिजन कार्यक्रमातले तुकडे आहेत. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती, ती 1956मध्ये आली. टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्र टिपायचे, एवढाच उपाय होता. म्हणून ती चित्रे धूसर आहेत. तरीही गायिका अनिता कार्टरच्या शेजारी उभा राहून गाणारा हा कृश, अदबशीर तरुण पाहिला की दारूत बुडालेल्या अभागी प्रतिभावंताची जी दंतकथा त्याच्यामागे उभी राहिली आहे, ती अपुरी वाटू लागते. व्यसन खरे होते, पण व्यासपीठावरचा संयमही खरा होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की या फिती स्वतःच बनावट आहेत. आक्षेप रास्त आहे. जिमी रॉजर्सचा 1929चा ‘द सिंगिंग ब्रेकमन’ हा दहाएक मिनिटांचा बोलपट पाहा. रेल्वे खानावळीचा उभारलेला देखावा, गाण्याचा आग्रह करणाऱ्या दोन बायका आणि रेल्वे कामगाराच्या वेशातला रॉजर्स. तोपर्यंत क्षयामुळे त्याची रेल्वेतली नोकरी सुटली होती आणि तो देशभर नाव झालेला गायक होता. पण वेश चढवलेला असला तरी गळा चढवलेला नाही. योडेल करताना आवाज छातीतून टिपेला उडी घेतो आणि चेहऱ्यावर ताणाची रेघही उमटत नाही. शिवाय तो वेशही काही सांगतो. कंट्री गायकाने श्रमिक दिसले पाहिजे, ही अपेक्षा 1929मध्येच पक्की झाली होती. पुढे गायिका पॅट्सी क्लाइनच्या सुरुवातीच्या फितींत झालरीचा काउगर्ल पोशाख दिसतो आणि नंतरच्या फितींत शहरी, तलम ड्रेस. नॅशव्हिलने फिडल मागे सारून व्हायोलिनांचा ताफा पुढे आणला तो हाच काळ. आवाजातला बदल आणि कपड्यांतला बदल एकाच व्यापारी निर्णयाच्या दोन बाजू होत्या, आणि रेकॉर्ड त्यातली एकच दाखवते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. जे टिकले ते योगायोगाने टिकले. टेप महाग होती म्हणून टेलिव्हिजन केंद्रांनी तिच्यावरच पुन्हा चित्रण केले, फिल्मची रिळे अडगळ म्हणून फेकली गेली. त्याहून वाईट म्हणजे कॅमेरा कुणाकडे वळवायचा हे आधीच ठरलेले होते. हार्मोनिकावादक डीफर्ड बेली हा ऑप्रीचा पहिला कृष्णवर्णीय तारा. 1940च्या त्या चित्रपटाच्या वेळी तो ऑप्रीतच होता, पण पडद्यावर तो नाही. पुढच्या वर्षी त्याला कामावरून काढले. हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवणारा रस्त्यावरचा कृष्णवर्णीय गायक रूफस पेन तर चित्रफितीत कुठेच नाही. केवळ चित्रफिती पाहून कुणी कंट्री हे गोऱ्यांचेच संगीत ठरवले तर ती घोडचूक होईल. मात्र हा दोष रेकॉर्डचाही आहे. रेकॉर्ड कंपन्यांनी सुरुवातीपासून काळ्यांचे आणि गोऱ्यांचे संगीत वेगवेगळ्या मालिकांत विकले. म्हणून फिती टाकून देणे हा उपाय नव्हे. त्यांत कोण नाही, याची नोंद त्यांच्याबरोबरच ठेवली पाहिजे.

आज धोका वेगळ्याच बाजूने आहे. जुन्या कार्यक्रमांतून गाणे तेवढे कापून घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे, ही रीत पडली आहे. गायक पोर्टर वॅगनरचा 1960मध्ये सुरू झालेला अर्ध्या तासाचा टेलिव्हिजन कार्यक्रम घ्या. त्यात गाणी होती, विनोदवीर होता, भक्तिगीत होते आणि चॅटनूगा मेडिसिन कंपनीच्या औषधांच्या जाहिराती होत्या. कार्यक्रम कुणाच्या घरासाठी होता, त्या घरातल्यांना कसली दुखणी होती, हे त्या जाहिरातींवरून कळते. 1967मध्ये कार्यक्रमातली गायिका नॉर्मा जीन हिच्या जागी डॉली पार्टन आली तेव्हा प्रेक्षक नॉर्मा जीनच हवी म्हणून ओरडत. 1974मध्ये डॉलीने वॅगनरची साथ सोडली तोवर ती त्याच्याहून मोठी होऊ लागली होती. ही सात वर्षे ओळीने पाहिली तर कोण कुणाला बोलू देतो, कोण कुणाच्या विनोदावर हसतो, निरोपाच्या वेळी कॅमेरा कुणावर थांबतो, हे सगळे डोळ्यांसमोर बदलत जाते. तीन मिनिटांच्या तुकड्यात त्यातले काहीच उरत नाही. ज्यांच्याकडे ही रिळे आहेत त्यांनी ती जाहिरातींसकट, तारखांच्या क्रमाने आणि अखंड खुली करावीत. तुकडे हवे असतील तर ते ज्याचे त्याला काढता येतील.