सायकलीवरून रांजणखळग्यांकडे

शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव वेळ नदीच्या परिसरात वसलेले आहे. तेथून पहाटे सायकलीने निघावे आणि पाबळ, कान्हूर मेसाई, मलठण ही गावे मागे टाकीत टाकळी हाजी गाठावे. मोटारीत बसलेल्यास हा मुलूख सपाट भासतो. सायकलस्वाराच्या पायांना मात्र त्याचा प्रत्येक चढ कळतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील हा भाग कमी पावसाचा. उघडे माळ आणि त्यांमध्ये बाजरी-ज्वारीची शेते दिसत राहतात. पाबळला मस्तानीची समाधी आहे. तेथे क्षणभर विसावा घ्यावा.

टाकळी हाजीजवळ कुकडी नदी वाहते. पैलतीरावर अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज गाव आहे. येथील पात्रात माती जवळजवळ नाहीच. सारा काळा पाषाण! आणि त्या पाषाणात कोणी रांजण पुरून ठेवावेत तसे शेकडो गोल खळगे. यांनाच रांजणखळगे म्हणतात.

हे कोणी कोरले? नदीनेच, परंतु केवळ पाण्याने नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसाचा हा खडक. त्यातील एखाद्या लहानशा खाचेत गोटे अडकतात. पुराचे पाणी भोवऱ्यासारखे फिरते आणि गोट्यांनाही फिरवते. गोटे खडकाला घासतात, स्वतःही झिजतात. ते संपले की पुढचा पूर नवे आणतो. असे हजारो वर्षे चालले, तेव्हा खाचेचा रांजण झाला. मधली भिंत झिजून काही रांजण एकमेकांत मिसळलेही आहेत. दक्षिण आफ्रिकेतील ब्लाइड नदीच्या पात्रातही असेच खळगे आहेत.

ज्या घर्षणाने हे सौंदर्य घडले, त्यानेच येथील धोकाही घडला आहे. खळग्यांच्या कडा गुळगुळीत व उतरत्या आहेत. आत घसरलेल्याच्या हाताला धरावयास कंगोरा सापडत नाही. उत्तम पोहणाराही तेथे हतबल होतो. शिवाय वरच्या अंगास माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत. त्यांतून पाणी सोडले म्हणजे आभाळ निरभ्र असतानाही प्रवाह वाढू शकतो. म्हणून सायकली काठावर लावाव्यात, थोरांना सोबत घ्यावे आणि खळगे कोरड्या खडकावर उभे राहून दुरूनच पाहावेत. परतीच्या वाटेवर पाय थकलेले असतात. तेव्हा उन्हे कलण्यापूर्वीच निघणे बरे.