मासळीबाजारातील खानावळ

किल्ला पाहून मालवणच्या धक्क्यावर उतरलेल्या पाहुण्याला भर दुपारी दोनच गोष्टी सुचतात : सावली आणि मासे. दोन्ही त्याला बाजाराच्या आसपासच्या एखाद्या खानावळीत मिळतात. तिथे तो बाकावर बसतो आणि घरून ठरवून आणलेले वाक्य उच्चारतो, "एक सुरमई थाळी!" माझे म्हणणे एवढेच आहे की, या वाक्याने त्याचे स्वतःचे, खानावळवालीचे आणि समुद्राचेही थोडे थोडे नुकसान होते. त्याऐवजी त्याने "काकी, आज काय आलंय?" असे विचारायला हवे होते. का, ते सांगण्याचा हा प्रयत्न.

बाजारालगतची खानावळ आणि शहरातले हॉटेल यांत मोठा फरक आहे. हॉटेलात आधी पदार्थांची यादी असते आणि तिच्याबरहुकूम माल आणला जातो. खानावळीत आधी मासा येतो आणि मग फळ्यावर खडूने त्याचे नाव चढते. म्हणजे त्या फळ्यावरचा मजकूर खरे तर समुद्राने लिहिलेला असतो. पावसाळा ओसरला की किनाऱ्यावर रापण लागते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके वाळूवर उभे राहून पुष्कळ माणसांनी ओढायची, ही जुनी पद्धत. तिच्यात बांगडे, तारल्या, पेडवे असे थव्याने फिरणारे मासे सापडतात. मासळीचा लिलाव होतो, बायका बोली लावून वाटे उचलतात आणि टोपल्या बाजारात येतात. खानावळवाली सकाळी टोपल्यांवरून एक नजर फिरवते, कल्ला उचलून लाल आहे की काळवंडला आहे ते बघते, बोटाने मांस दाबून ते परत वर येते का हे तपासते आणि मगच घासाघीस सुरू करते. त्या दिवशीचा स्वयंपाक तिथेच ठरतो.

मालवणी स्वयंपाकही या ताज्या मालाभोवतीच रचलेला आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे रूपांतर ट्रायमिथिलअमाइन नावाच्या रसायनात करतात. ज्याला आपण 'माशाचा वास' म्हणतो तो बहुतांशी याचाच. हे रसायन अल्कधर्मी असल्यामुळे आंबट पदार्थाशी त्याचा संयोग होतो आणि वास दबतो. आपल्या आज्या तळण्याआधी माशाच्या तुकड्यांना कोकमाचे आगळ का चोळत आल्या, याचे उत्तर येथे आहे. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्या नाकाला ते ठाऊक होते. तेलकट बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे पडतात ती त्या तेलकटपणाला झणझणीत उतारा म्हणून. शेवटी सोलकढी येते आणि तोंड स्वच्छ करून जाते. मात्र हे सारे ताज्या माशाची चव खुलवण्यासाठी आहे, शिळा मासा लपवण्यासाठी नव्हे.

शिळ्या माशाचा प्रश्न केवळ चवीचाही नाही. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. मासा पकडल्यावर काही तास उन्हात, बर्फाविना राहिला तर जिवाणू त्यापासून हिस्टामाइन तयार करतात. असा मासा खाल्ल्यास तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. पुष्कळांना ती माशाची 'अ‍ॅलर्जी' वाटते. तळून किंवा उकळून हे हिस्टामाइन नाहीसे होत नाही. आधीच बर्फ घालणे एवढाच उपाय. तेव्हा बर्फातला मासा वाईट, ही समजूत चुकीची आहे. होडीतच बर्फ लागलेला मासा चांगला. उशिरा बर्फ लागलेला मासा वाईट.

आता सुरमईकडे वळू. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बाजारकरी, एस.टी.चे उतारू, कचेरीतली माणसे यांच्यासाठी चालणाऱ्या खानावळींत लांबलांबचे पाहुणे येऊ लागले. ही आनंदाचीच गोष्ट. पण या पाहुण्यांना नावे ठाऊक असतात ती तीनच : सुरमई, पापलेट आणि कोळंबी. समुद्र काही रोज या तीनच गोष्टी देत नाही. पाहुणा हट्ट सोडत नाही, म्हणून खानावळवालीला बाहेरगावाहून आलेला, शीतपेटीतला माल ठेवावा लागतो. समोरच्या टोपलीत सकाळचे मुडदुसे चमकत असतात आणि पाहुणा चार दिवसांची सुरमई चढ्या दराने खाऊन 'मालवणची चव' म्हणून वाखाणतो!

याहून गंभीर बाब पुढेच आहे. सुरमई साधारण दीड हात लांब झाल्याखेरीज अंडी घालण्याजोगी होत नाही. ताटात अख्खी सुरमई मावली, तर ते सुरमईचे पोर आहे असे खुशाल समजावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली ती याच कारणासाठी. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, त्यामागेही माशांना वाढू देण्याचा हेतू आहे. त्या दिवसांत फळ्यावर खाडीतल्या कुर्ल्या, तिसऱ्या आणि सुक्या जवळ्याची किसमूर असते. तेव्हा कुणी ताज्या सुरमईसाठी अडून बसला, तर तो कायदा मोडायला उत्तेजनच देतो. कायदा समुद्रात पाळला जावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात ताटापासून व्हायला हवी.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. माझी आई याच बाजारात टोपली घेऊन बसते. खानावळवालीने तारल्या-मुडदुसे उचलले त्या दिवशी तिची टोपली बारापर्यंत रिकामी होते. शीतपेटीतल्या सुरमईवर खानावळ भागली त्या दिवशी दुपारी तोच मासा पडेल भावाने जातो, नाहीतर मीठ लावून वाळत पडतो. माझ्या कॉलेजची फी या दोन दिवसांच्या मधल्या फरकातून निघते. बाकावर बसलेल्या माणसाच्या एका शब्दाचे वजन किती असते, हे म्हणून मला नेमके कळते.

तेव्हा मित्रहो, सहलीला आलात तर खानावळीत शिरण्यापूर्वी एकदा बाजारातून चक्कर मारा. कल्ले पाहा, डोळे पाहा, भाव ऐका. मग आत जाऊन विचारा. "बांगडो आसा, मुडदुसे आसत. काय वाढू?" असे उत्तर आले, तर नाव ओळखीचे नसले तरी बेलाशक "वाढा" म्हणा. चव चांगली लागेल, पैसे कमी पडतील, आणि पुढल्या वर्षी याल तेव्हा फळ्यावर लिहायला समुद्रात काहीतरी शिल्लक असेल.